पाच पहाड्यांची सोयरीक

नाई, पण मले एक सांगा, अर्धा तास म्हंजे किती? तीस मिनिटं ना? का तुमच्या गावचं घड्याळ येगळं चालते? कारण सकाळी दहा वाजता 'अर्ध्या तासात येतो' म्हणून मी ज्या घरातून निघालो, त्या घरात परत पाय ठेवला तवा गाई जंगलातून घरी येऊन राहिल्या होत्या! अन् मधल्या वेळात मी काय केलं? पहाड्या चढलो. एक नाई, दोन नाई... पाच! मी! आसगावचा घनश्याम, ज्यानं उभ्या जन्मात धानाच्या बांधीच्या धुऱ्यापेक्षा उंच काही चढलं नाई! आता तुम्ही म्हणान, 'घनश्यामभाऊ, मंग नाई म्हणाचं होतं.' अवो, पोरीच्या सोयरिकीचा मामला. नाई कसं म्हणाचं?

तुम्हाले सांगतो, झालं असं. माह्यी पोट्टी राखी भंडाऱ्याले दवाखान्यात नर्स हाये. तिथंच लॅबमधी एक पोरगा हाये, प्रफुल्ल. दोघांचं आपसात ठरलं. ठरलं म्हंजे आम्हाले विचाराच्या आधीच ठरलं, आजकाल बापाले कोण विचारते? बापाले सांगते! तं आता बापाचं काम काय राहिलं, का पोराचं घर पाहून या. घर तिकडं तुमसरच्या पुढं, पहाडीच्या पायथ्याले. निघतानी राखीनं मले दरवाज्यात अडवलं. 'बाबा,' म्हणते, 'घराच्या भिंती पाहू नका, टीव्ही केवढा हाये ते पाहू नका. एकच गोष्ट विचारा. लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाई. त्याईले चालते का? प्रफुल्लले चालते, मले मालूम हाये. पण त्याच्या बापाच्या तोंडून पाहिजे. चालत नसन तं सोयरीक खतम.' अन् मागून तिची माय, आमची ताराबाई, भांडे घासता घासता म्हणते, 'तुम्ही विचारान का पण? तुम्हाले तं बसमधी खिडकी लावून घ्या म्हणाची लाज वाटते!' म्हटलं, 'विचारतो! एका वाक्याची गोष्ट हाये!'

एका वाक्याची! मले काय मालूम, त्या वाक्याले एवढा चढ हाये!

पोहोचलो तिथं. पोरगा ड्युटीवर, भंडाऱ्याले. ओसरीत खाटेवर बसले होते मधुकरराव, पोराच्या बापाचे मोठे भाऊ. अन् पोराचा बाप? खुशालराव? ते बिचारे खाली, सतरंजीच्या कोपऱ्यावर, जसे काही त्या घरात पाहुणे तेच हाये! त्या घरात पहिले मधुकरराव बोलणार, मंग बाकीच्याईनं मान हालवाची. अन् मधुकरराव बोलते कसे? 'हंऽऽऽ...' एवढा मोठा 'हं', का तेवढ्यात आपला चहा पिऊन होते! 'हंऽऽऽ... आसगाव... म्हंजे... पवनीकडलं?' म्हटलं, 'जी.' 'हंऽऽऽ... धान... कसं झालं?' म्हटलं, 'बरं झालं जी.' मंग मी हिंमत केली. घसा साफ केला, म्हटलं, 'एक गोष्ट...' तं मधुकरराव छताकडं पाहून म्हणते, 'आमच्याकडं... बाईनं... घर पाहावं... हंऽऽऽ.' झालं! माह्यी गोष्ट तोंडातच राहिली, अन् वरून मी पोह्याचा घास कोंबला.

तेवढ्यात खुशालराव उठले. म्हणते, 'पाहुणे, जेवणाले वेळ हाये. लाखोरीच्या डाळीचे वडे तळाचे हाये अजून. प्रफुल्ल सांगत होता, तुम्ही रोज चार किलोमीटर चालता म्हणे! चला, मागची पहाडी दाखवतो. अर्ध्या तासात येऊ.'

आता हे चार किलोमीटर काय हाये, ते आपल्याआपल्यात सांगतो, तिकडं बोलू नका. मले शुगर निघाली तवा राखीनं तंबी दिली, 'बाबा, रोज चाला.' मी रोज निघतो. इमानदारीनं निघतो! तलावाच्या पाळीवर जातो, तिथं पानठेला हाये, तिथं बसतो, अन् चार किलोमीटर चालाले जेवढा वेळ लागते तेवढा वेळ बसून घरी येतो. आता त्या पोरीनं हे सासरी कौतुकानं सांगितलं असन, तं मी तिथं काय म्हणणार? माह्यी पोट्टी खोटी पडन ना! म्हटलं, 'चला चला! सकाळचं चालणं राहिलंच हाये आज!' अन् मनात म्हटलं, बरं झालं, मोठा भाऊ नाई, कोणी नाई, वाटंनं विचारून टाकतो.

पहिली पहाडी. दिसाले अशी, का माणूस म्हणन ही काय, एका दमात! सागवानाचा वाळला पाला, त्याच्यावरून पाय असे घसरे, का दोन पावलं वर अन् एक खाली. अर्ध्यात गेलो, म्हटलं आता विचारतो, तोंड उघडलं तं आतून फक्त हवा! शब्द नाई, नुसती हवा! वर पोहोचलो. खुशालराव माह्याकडं पाहून म्हणते, 'थकले तं नाई ना पाहुणे?' म्हटलं, 'छ्या!' त्याईनं लांब श्वास घेतला. मंग म्हणते, 'असं का... मंग समोरची पाहाची?' सोयरिकीचा मामला. नाई कसं म्हणाचं?

दुसरी. दुसरीवर शेंदूर लावलेला एक दगड होता, त्याले हात जोडले, म्हटलं देवा, एक तं मले वाचा दे, नाई तं उतार दे. तिथं खुशालरावनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. म्हणते, 'घ्या पाहुणे.' म्हटलं, 'पहिले तुम्ही.' 'छे, तुम्ही पाहुणे!' 'तुम्ही पोराकडले!' 'असं कुठं असते का?' 'नाई नाई, तुम्हीच!' अन् तुम्हाले खरं सांगतो, ती बाटली बिना उघडता परत पिशवीत गेली! दोघांच्याबी जिभा वाळून खारका झाल्या, अन् पाणी भरलेलंच. वरून मी म्हणतो, 'द्या, बाटली मी धरतो, तुम्हाले ओझं होईन!' कोणी सांगितलं होतं? पण तोंडाले सवय लागली ना!

तिसऱ्या पहाडीचं नाव विचारलं तं म्हणते, 'वाघडोंगरी.' मी म्हटलं, 'नावापुरतंच ना?' म्हणते, 'पहिले होता वाघ.' 'अन् आता?' 'आता दिसत नाई. थकला असन.' मनात म्हटलं, बिचाऱ्यालेबी कोणी तरी पाहुणचार केला असन! एक खडक होता, त्याच्यावर बसाचं लय मनात आलं, पण खुशालराव उभे, मंग मी कसा बसू? अन् मी उभा म्हणून ते बसत नव्हते, हे मले तवा कुठं मालूम! दोघंबी उभे. अन् पुन्हा तेच, 'थकले तं नाई ना पाहुणे?' आता आवाज असा, जशी काही विनंती करून राहिले. मी म्हटलं, 'अजिबात नाई!' त्याईचं तोंड एवढंसं झालं. म्हणते, 'चला मंग...'

चौथीवर मात्र... आता हसू नका. चौथीवर जंगल जरासं मोकळं झालं. खाली तलाव दिसे, तलावाच्या बाजूनं धान कापलेल्या बांध्या, एका घरातून धूर निघून राहिला होता. हवा अशी थंडी, का घामावर बरं वाटे. मी पाहात राहिलो. मनात आलं, माह्यी पोट्टी इथं येणार सणासुदीले. या तलावावर उभी राहणार. सायकलनं पवनीले शिकाले जाये ती, पावसात, चिखलात, चाक फसलं तं सायकल खांद्यावर घेऊन जाये, पण एक दिवस शाळा बुडवली नाई. अन् मी तिचा बाप, मले तिचं एक वाक्य चार पहाड्यांवर नेऊन बोलता येत नाई? लाज वाटली मले. खरंच लाज वाटली. डोळ्यात पाणी आलं. खुशालरावनं पाहिलं, त्याईले वाटलं ऊन लागलं. म्हणते, 'पाहुणे, मले तुम्हाले...' अन् थांबले. म्हटलं, 'काय?' 'काई नाई... समोरची पाहाची का?'

अवो, एवढं काळीज भरून आलेलं, अन् मी काय बोललो? 'चला!'

पाचवीवर पोहोचलो. खुशालराव एकडाव इकडं पाहे, एकडाव तिकडं पाहे. मी म्हटलं, 'काय पाहून राहिले?' म्हणते, 'निसर्ग.' पण निसर्ग पाहाले माणूस घाबरते का? तेवढ्यात पाल्यात खसखस झाली, आम्ही दोघांनी एकमेकाचा हात धरला... तं बकऱ्या! अन् बकऱ्यामागं काठी घेऊन एक बाई, चंद्रकांताबाई, त्याईच्याच गावची. कंबरेवर हात ठेवून म्हणते, 'काहून गा खुशाल, तू इथं? दुसऱ्या पहाडीच्या पुढं तं तू पोट्टा होता तवाबी कधी आला नाई! वाट चुकला का?'

वाट चुकला! म्हंजे तिसरीपासून या माणसाले मालूमच नव्हतं का आपण कुठं जाऊन राहिलो! मी म्हटलं, 'काहो, मंग सांगाचं नाई का?' तं खाली मान घालून म्हणते, 'पाहुण्यासमोर कसं सांगाचं, का मले माह्या गावची वाट मालूम नाई? म्हटलं, तुम्ही थकले म्हणान मंग परत फिरू. तुम्ही थकतच नाई!'

चंद्रकांताबाईनं माह्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडलं, अन् गटगट अर्धी पिऊन टाकली! आम्ही दोघं पाहातच राहिलो. असंबी पाणी पिता येते? तोंड पुसलं, म्हणते, 'हे पोरीचे बाप ना? मंग कोणाले चढाचं होतं पहाडीवर?' खुशालरावनं माह्याकडं बोट दाखवलं. मी खुशालरावकडं. ती बाई अशी हसली, अशी हसली, का बकऱ्या दूर पळाल्या! म्हणते, 'बुढे हो, जे बोलाले आले ते बोलून घ्या. माह्या बकऱ्या गावात काई सांगत नाई.' अन् गेली बकऱ्या वळवाले.

मंग मी बसलो. पहिल्यांदा बसलो! उरलेलं पाणी प्यालो, तेबी 'तुम्ही पहिले' न म्हणता. अन् डोळे मिटून एका दमात म्हणून टाकलं, 'राखी नोकरी सोडणार नाई, तुम्हाले चालते का, चालत नसन तं सोयरीक खतम!'

एक डोळा उघडला. खुशालराव माह्याकडं पाहून राहिले होते. म्हणते, 'पाहुणे, हेच विचाराले तं मी तुम्हाले घरातून बाहेर काढलं! माह्या पोरानं मले सांगितलं, राखीची नोकरी सुटली तं मी लग्नच करत नाई. अन् मले वाटलं, ही गोष्ट मी काढली तं तुम्ही म्हणान, याईले सुनेच्या कमाईची हाव हाये! कसं बोलू? म्हटलं पहिल्या पहाडीवर बोलू. मंग म्हटलं दुसरीवर...'

आता बोला! एकच गोष्ट, दोन बाप, पाच पहाड्या, अन् दोघांच्याबी पोटात तेच! मी म्हटलं, 'पण मधुकरराव?' खुशालराव म्हणते, 'भाऊले मी सांगतो, का पाहुण्याची इच्छा हाये. तुम्ही सांगा, का खुशालरावची इच्छा हाये. दोघांपैकी कोणाचंच मन त्याईले मोडता येणार नाई. सोयरिकीचा मामला, नाई कसं म्हणन?' घ्या! माह्यीच बिमारी त्या मोठ्या माणसाले!

चंद्रकांताबाईनं वाट दाखवली, उतरलो. उतरताना सगळं सांगतो म्हटलं तं रात होईन, एवढंच सांगतो का माह्या गुडघ्याईनं माह्याशी बोलणं सोडलं. ओसरीत दोघांनीबी ठरल्यासारखं एकमेकाचं नाव घेऊन सांगितलं. मधुकररावनं पहिले माह्याकडं पाहिलं, मंग भावाकडं, मंग आमच्या कपड्याले चिकटलेल्या काट्यांकडं. 'हंऽऽऽ...' माह्या जन्मातला सगळ्यात लांब 'हं' तो. मंग म्हणते, 'दोघांची इच्छा हाये... तं मी कोण? जेवा. वडे... थंडे झाले.'

घरी फोन केला, राखी रडली, तिची माय रडली, साक्षगंधाची, म्हंजे साखरपुड्याची, तारीख धरली, मी चार दिवस पाय शेकत बसलो. सगळं बरं झालं. अन् काल पोट्टीचा फोन. 'बाबा, एक गोष्ट राहिली. माह्या सर्टिफिकेटवर जे नाव हाये, तेच लग्नानंतरबी राहीन. माहेरचंच. तेवढं विचारून घ्या ना.' म्हटलं, बाई, हे आता फोनवर होऊन जाईन. आता काय लाजाचं, आता तं घरचं माणूस झालं! लगेच खुशालरावले लावला. म्हटलं, 'व्याही, एक गोष्ट बोलाची होती.' तं तिकडून बारीक आवाज, 'आता नका बोलू, भाऊ बाजूलेच बसले हाये. तुम्ही या ना इकडं. सहावी पहाडी राहिलीच हाये.' म्हटलं, 'कशी हाये?' म्हणते, 'सगळ्यात मोठी.'

मी म्हटलं, 'बरं, येतो. एवढ्या गोष्टीले लहान पहाडी पुरलीबी नसती.'