झाडूची तार

ग्रीनवूडच्या दवाखान्यात रेनिता नंबरची वाट बघत होती. मांडीवरच्या मुलीच्या डाव्या हाताला जन्मापासून दोनच बोटं; तो हात तिने नेहमीसारखा शालीखाली झाकला होता. शेजारी म्हातारा ओथा आणि त्याची बहीण वर्डी बोलत बसले होते.

“ओथा, रविवारी क्लीऑनकाकांच्या स्मरणसभेला वाजवशील ना? अर्धांगाच्या झटक्यानं हात गेला तुझा.”

“एक बोट हलतंय की, वर्डी! काकांच्या चालींना तेवढं पुरतं.”

“लोक हसायचे त्यांना. म्हणायचे, हे तर कुणालाही येईल!”

“अगं, त्यांना तेच तर हवं होतं. आपल्याकडे गिटार कुठली? त्यांनी आपल्या झाडूच्या काड्या बांधलेली तार सोडवली, भिंतीवर दोन खिळ्यांत ताणली, तारेखाली बाटली सारली आणि म्हणाले, वाजव.”

“आणि सुटलेला झाडू बघून आईनं तुझ्या कानाखाली वाजवली.”

“खाल्ली की! पण त्या तारेवर जन्म गेला माझा, सुखात गेला. देव त्यांचं भलं करो.”

रेनिताने शाल बाजूला केली.

“आजोबा, खिळे किती उंचीवर ठोकायचे?”

ओथाने ती दोन इवली बोटं पाहिली.

“उभी राहते का ही?”

“नाही अजून. बसते.”

“मग खालीच ठोक, पोरी. वाढेल तशी तार वर घेऊ.”