सुनीताच्या मण्यांचा दोरा

बसलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. माईक नको, बाजूला ठेवा. माझा आवाज पोचतो. बोलायला मात्र जड जातंय, तेव्हा थांबत थांबत बोलेन.

मी माया. रोह्याच्या पलीकडची, अष्टमीची. पेणच्या या खाडीकाठी मला फार जण ओळखत नाहीत. मघाशी मागे कोणीतरी विचारलंच, ही हिराआईंची कोण? रीतसर सांगायचं तर कोणीच नाही. हिराआईंची लेक सुनीता काविळीनं गेली. पुढे तिच्या नवऱ्याशी माझं लग्न झालं. मी दुसरी बायको. आता आईही गेल्या. या घराशी माझं काही नातं उरलं का, ते विचारायलाच मी उभी राहिले आहे.

आपल्याकडे दुसरी बायको पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते. मला ते पटत नव्हतं. नवं लग्न, आणि गळ्यात पहिलीची खूण? नवऱ्याला तोंडावर सांगितलं, मी घालणार नाही. ते धाटावच्या कारखान्यात शिफ्टला निघून गेले. आणि त्याच दुपारी हिराआई दारात!

मला वाटलं, भांडायला आल्या. त्या पाणी प्यायल्या आणि पदराची गाठ सोडली. आत टाक होता आणि सुनीताच्या माळेचे सोन्याचे मणी होते. म्हणाल्या, "सोनाराला ओवायला नाय दिलं. मीच ओवणार. तुला नको असंल त घालू नको. मला ओवू दे फक्त."

मिठागरात आयुष्य गेलेले हात ते. बोटांना चिरा पडलेल्या. तांबडा रेशमी दोरा त्या चिरांत अडकायचा. मी सुई मागितली, तर माझा हात झटकून टाकला. एक मणी चेपलेला होता. तो मला दाखवून म्हणाल्या, "हा तिनं चावला. तवा माळ माझ्या गळ्यात व्हती. मांडीवर घेतली की चावायची." हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. लेक गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या म्हणे. त्यांचा मुलगा, आपले प्रकाशदादा समोर बसलेत, त्यांनीच मला हे नंतर सांगितलं. मी माळ घातली. सुनीतासाठी नाही, या बाईसाठी घातली. खोटं कशाला बोलू?

मग दोरा झिजला की आई यायच्या. पेणहून एसटीनं रोह्याला, तिथून पूल चालत अष्टमीला. माळ सोडायची, मणी ताटलीत काढायचे, पुन्हा ओवायला बसायचं. दर वेळी सुनीताचं नवीन काहीतरी. सुनीता खाडीच्या पाण्याला घाबरायची. सुनीताची भाकरी कधी गोल झाली नाही. सुनीता भांडली की जेवायची नाही आणि मग हळूच टोपात बघायची. मी तिला कधी पाहिलं नाही, पण आज तिच्याबद्दल या अंगणात कोणाशीही पैज लावीन.

एकदा त्या एसटीत उभ्यानं आल्या. गुडघे सुजलेले. मला बघवेना. म्हटलं, "आई, मणी सोन्याच्या तारेत बसवून घेते. कायमचे टिकतील. तुम्हाला दगदग नको."

त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "तारेत ओवलंस त मी कशाला येऊ गो?"

सुनीताला मूल नव्हतं. असतं तर नातवंडाला बघायला येता आलं असतं. लेकीच्या सवतीकडे आईनं काय सांगून यायचं? त्यांच्याकडे तेवढा एक दोरा होता.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते, हसायचं तर हसा. माळ घालूनच आंघोळ केली. माळ घालूनच भांडी घासली. दोरा भराभर जायला लागला. मी फोन करायची, "आई, दोरा गेला." त्या म्हणायच्या, "एवढ्यात? बैल बांधतेस काय गो त्याला?" पण यायच्या. त्यांना कळलं होतं का? कळलंच असणार.

शेवटी आईंची नजर गेली. सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता तू ओव. मी सांगते."

काल प्रकाशदादा मला म्हणाले, आता आई नाय, माळ तारेत बसवून घे. चांगल्या मनानं म्हणाले. पण दादा, मी नाही बसवणार. मला ओवता येतं. एकटीला मात्र ओवता येणार नाही. ओवताना सुनीताबद्दल बोलायला माणूस लागतं, आणि तिला ओळखणारी माणसं या घरात आहेत. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले, मला माहेर नाही. म्हणून चार लोकांत विचारते. दादा, दोरा झिजला की मी या पडवीत येऊन बसू ना?

नुसती मान हलवू नका. तोंडानं सांगा.

"ये" म्हणाले. ऐकलंत ना सगळ्यांनी?

आता मला पुढे बोलवत नाही. उठू नका कोणी. आहोत तिथेच बसून हिराआईंसाठी थोडा वेळ गप्प राहूया.