उपग्रह उगवेपर्यंत

विज्ञान आलं की माणसाची भाबडी श्रद्धा संपते, असं करुणाचं ठाम मत होतं. ते दौंडच्या स्टँडवर शिरूरची एसटी येईपर्यंतही टिकलं नाही. शेजारच्या बाकावर मच्छिंद्रआबा जुन्या बाजारात घेतलेला खिशाएवढा रेडिओ आभाळाकडे धरून बसले होते. नजर गेल्यापासून घरात करमत नसलेल्या त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, शेजारून विचारलं,

"लागलं का हो?"

"न्हाई. यात भरलेली गाणी वाजत्यात, पण रेडिओ थेट उपग्रहावरनं येतो. आभाळ मोकळं पायजे म्हणला विकणारा."

"मोकळंच हाय की. ऊन लागतंय मला."

"मग उगवला नसंल अजून."

"उगवंल. संकष्टीचा चंद्र तरी कवा येळेवर येतो? मी उपास धरलाय आज."

"उपग्रहाचा?"

"मग? मला बातम्या ऐकायच्यात. तुम्ही पेपर वाचून दाखवता, त्यात निम्मं तुमच्या मनाचं असतंय."

"आन् न्हाईच उगवला तर?"

"ढग असलं की पंचांगातली येळ बघून जेवतोच ना आपण? तसं जेवू. उद्या परत धरू."

"व्हय. उद्या पत्र्यावर चढून धरतो."

करुणाच्या माळ्यावर असाच एक रेडिओ पडून होता. त्या उपग्रहावरचं प्रसारण बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती.