लोण्याचा हात

मंडळी, ऐका. सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतो. उत्तराची घाई करू नका — घाईनं उत्तर दिलं की शाळेत मार्क मिळतात, कीर्तनात नाही! देव्हाऱ्यातली मूर्ती हातातून पडली. तिचा हात मोडला, बोट तुटलं, कानाचा टवका उडाला. काय करता?

आलाच पुढच्या रांगेतून आवाज — "विसर्जन!" बरोबर आहे आजी, पद्धतच आहे आपली. खंडित मूर्ती घरात ठेवायची नाही, पूजायची नाही, वाहत्या पाण्यात सोडायची. आता माझा प्रश्न. मूर्तीचा हात मोडला, तर हाताबरोबर देव निघून गेला का? मग त्याआधी तो काय नुसता त्या हातातच राहत होता?

हसून घ्या. पुढे हसायला जागा कमी आहे.

आजचं आख्यान पुराणातलं नाही, बसमधलं आहे. आमच्या गावच्या ज्येष्ठ नागरिक संघानं सहल काढली. जुना गड, त्याच्या पायथ्याचं जुनं नगर, पडकी देवळं — असं सगळं नीट माहिती घेत बघायचं. संघवाले म्हणाले, "बुवा, एक सीट रिकामी राहिलीय, येता का?" रिकामी सीट, आणि बुवा नाही म्हणणार? तबलजी हसतायत बघा, त्यांना अनुभव आहे!

गडाचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं की उद्या मोटारी काढून जाल, आणि भिंतीवर बाण मारलेलं बदाम कोरून याल. नावात काही नाही, ऐका पुढं.

आमच्याबरोबर गाईड होती नीलांबरी भोईर. तिशीतली मुलगी, इतिहास शिकलेली, डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात शिट्टी. आम्ही धापा टाकत चढतोय आणि ही पोरगी आमच्याकडे तोंड करून उलटी चालत बोलतेय! गडाच्या पहिल्या पायरीला तिनं सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाली, "काका-काकू, माझी एक रीत आहे. काय पडलंय ते मी दाखवणार नाही, ते आपोआप दिसतं. काय उरलंय ते तुम्ही दाखवायचं. प्रत्येक ठिकाणी प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची. सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही."

वा! अशी रीत मी साठ वर्षांत कुठल्या शास्त्रात वाचली नाही. सोपी वाटते ना? करून बघा.

आता ज्यांचं आख्यान आहे ते गृहस्थ. त्र्यंबकराव उकिडवे. माझ्याच आळीतले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वेळेचे पक्के, सोवळ्याचे कडक. आणि शेजारी त्यांची पत्नी वेणूताई. वर्षापूर्वी वेणूताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालतात, जीभ जड झाली. खोटं बोलणार नाही मंडळी, त्र्यंबकरावांनी बायकोचं सगळं केलं. वेणी घालण्यापासून घास भरवण्यापर्यंत. पण चारचौघांत तिला न्यायचं म्हटलं की हे गृहस्थ अंग चोरायचे. लग्नाला एकटे, देवळात एकटे. सहलीला आणलं ते घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून. आणि आणून काय केलं? गडाखाली बस थांबली, तिला खिडकीशी बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाले, "तू बस इथंच. उगाच सगळ्यांचा खोळंबा नको."

वेणूताई मान हलवून बसल्या. आम्ही निघालो.

काय तो गड! दरवाजा समोर येईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या मध्ये वाट अशी वळवलीय, की शत्रूचा हत्ती आला तर त्याला धडक द्यायला धावच घेता येऊ नये. हे कुणी सुचवलं असेल? कुठल्या तरी गवंड्यानं, शेंगा खात बसल्या बसल्या! वर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. भर उन्हात पाणी गार, आणि त्याच्या काठावर हात घासून घासून दगडाला आरशासारखी झळाळी आलेली. किती बायका वाकल्या असतील तिथं घागर घेऊन. मी तर टाक्यालाच नमस्कार केला.

प्रत्येकानं आपापली उरलेली गोष्ट सांगितली. कुणी म्हणालं, उंबरठा उरलाय. कुणी म्हणालं, भिंतीतला चुना अजून नखानं निघत नाही. त्र्यंबकरावांची पाळी आली. ते म्हणाले, "अहो बाई, वाड्याला छप्पर नाही, सदरेला खांब नाहीत. सगळा ढिगारा. उरलंय काय?"

नीलांबरी म्हणाली, "तेच विचारतेय काका."

पण माणूस पाटबंधाऱ्यातला! त्याच्याच्यानं राहवेना, डोळा गेलाच. टाक्यात पाणी आणणारी दगडी पन्हळ होती. तिच्याशी बसले, बोटानं तिचा उतार बघितला, आणि नाइलाजानं म्हणाले, "उतार बरोबर धरलाय. अजून पाणी वाहतं." नीलांबरीनं हसून शिट्टी वाजवली.

खाली आलो. मी त्यांच्या मागच्याच सीटवर होतो, म्हणून ऐकलं. वेणूताईंनी विचारलं, "काय... बघितलं?"

"काही नाही गं. सगळी पडझड."

"पाणी... आहे?"

"आहे."

"गोड?"

"गोड आहे."

वेणूताईंनी खिडकीतून वर गडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग... पडलं काय?"

मंडळी, मी इतकी वर्षं कीर्तन करतो. हातात चिपळ्या असून मला हा प्रश्न सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडाखालच्या जुन्या नगरात गेलो. वेणूताई आजही बसमध्येच. आता तिथं वस्ती नाही. घरांची नुसती जोती उरलीत. पण रस्ता! फरसबंदी रस्ता, आणि दगडात बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. आमच्या बरोबरच्या बायका त्यात पाऊल घालून चालायला लागल्या, एकामागे एक, लहान पोरींसारख्या. एका जोत्याशी जात्याची खालची तळी तशीच बसवलेली होती. वर खुंटा नाही, दळणारी नाही. तरी मला वाटलं, आत्ता कुणीतरी ओवी म्हणत येईल आणि विचारेल, बुवा, जरा सरकता का? अशी जागा ती. तिथं मोठ्यानं बोलवत नाही.

रस्त्याच्या टोकाला देऊळ. शिखर पडलेलं, वर आभाळ. आणि गाभाऱ्यात देवी. माता आहे ती, मांडीवर मूल घेतलेली. मूर्तिकाराचे हात कसले असतील हो! दगडाच्या पदराला वारा लागल्यासारखं वाटतं. देवीला चार हात होते. तीन खांद्यापासून तुटलेत. चेहऱ्याचा अर्धा भाग गेलाय. उरलाय एकच हात — आणि त्या हातानं मूल धरलंय.

आमच्या बायकांनी फुलं पुढं केली. तेवढ्यात त्र्यंबकराव मोठ्यानं म्हणाले, "थांबा. खंडित मूर्ती आहे. फूल वाहायचं नाही, दोष लागतो. खरं म्हणजे शेजारच्या पुष्करणीत सोडायला हवी होती आतापर्यंत."

झालं! सगळ्या बायकांचे हात मागे. फुलं पुन्हा ओंजळीत.

नीलांबरी म्हणाली, "काका, पूजा करा असा माझा आग्रह नाही. पण रीत मोडायची नाही. उरलंय काय ते सांगा."

त्र्यंबकराव म्हणाले, "जे खंडित झालं त्यात उरायचं काय असतं?"

आता इथं जरा थांबा. पेटीवाले, सूर धरून ठेवा. मागची एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती ऐकल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वेणूताईंच्या माहेरचा एक पितळी बाळकृष्ण होता. रांगणारा. एक हात जमिनीवर टेकलेला, दुसरा वर केलेला, त्यात लोण्याचा गोळा. लग्नात आईनं दिलेला. रोज त्याला आंघोळ घालायच्या, टोपडं घालायच्या, रागवायच्यासुद्धा. एके दिवशी सकाळी त्याला न्हाऊ घालताना वेणूताईंचा हात लुळा पडला. झटका तोच! बाळकृष्ण फरशीवर आपटला, लोण्याचा हात मोडला, आणि त्याच्या शेजारी वेणूताई पडल्या. त्यांना दवाखान्यात नेलं. तिकडे त्र्यंबकरावांनी रीतीप्रमाणे खंडित मूर्ती नदीत सोडली. मनात वाईट काही नव्हतं. उलट घरावरचं अरिष्ट जावं, बायको वाचावी म्हणूनच सोडली. वेणूताई घरी आल्या. देव्हाऱ्याकडे बघितलं. जागा रिकामी. त्या दिवसापासून देव्हाऱ्यासमोर बसल्या नाहीत.

हं, आता या देवळात परत.

मागून काठीचा आवाज आला. ठक... ठक. बघतो तर वेणूताई! बसच्या ड्रायव्हरचा, अस्लमभाईंचा आधार घेतलेला, पाय ओढत, चाकोरीच्या रस्त्यावरून. अस्लमभाई म्हणाले, "ताई म्हणाल्या उतरव, म्हणून उतरवलं. गाडीत बसून कंटाळल्या त्या."

त्र्यंबकरावांचा चेहरा पडला. इतक्या लोकांसमोर! पुढे होऊन हळूच म्हणाले, "अगं, कशाला आलीस? इथं काही नाही. खंडित मूर्ती आहे."

वेणूताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. देवीकडे बघत होत्या. मग नीलांबरीला म्हणाल्या, "लेकराला... धरलंय. सोडलं नाही."

नीलांबरीनं गळ्यातली शिट्टी मुठीत धरली होती.

मग वेणूताई नवऱ्याकडे वळल्या. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता त्यांना. म्हणाल्या, "अहो... माझ्या कृष्णाचा कुठला हात मोडला होता?"

त्र्यंबकराव खाली बघत म्हणाले, "लोण्याचा."

"लोण्याचा. रांगायचा... शाबूत होता?"

"होता."

"मग तो... रांगला असता की हो घरात."

मंडळी, ते देऊळ शेकडो वर्षं उभं आहे. त्यानंसुद्धा श्वास रोखून धरला असेल.

आणि वेणूताईंनी शेवटचं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आम्ही दोघं... एकदमच पडलो. मला घरी आणलंत. त्याला का नाही?"

शास्त्र सांगणार? त्र्यंबकराव उभ्याचे खाली बसले, देवीच्या पायरीवर. पाटबंधाऱ्यातला मोठा माणूस, धरणाच्या भिंती बांधलेला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते अडवायची त्यांनी खटपट केली नाही. म्हणाले, "चुकलो गं. तुला जगवायचं म्हणून सोडला त्याला. तू देव्हाऱ्याकडे बघतेस तेव्हा मला तुझ्याकडे बघवत नाही. लोकांत न्यायचं तर..." पुढचं वाक्य झालं नाही.

वेणूताईंनी काठी अस्लमभाईंकडे दिली, शेजारच्या बाईच्या ओंजळीतलं एक फूल डाव्या हातानं उचललं आणि नवऱ्यापुढं धरलं. त्र्यंबकराव उठले. फूल स्वतः वाहिलं नाही. वेणूताईंचा लुळा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्यात ते फूल ठेवलं, आणि त्या हातानं देवीच्या पायाशी वाहिलं. मग बायकांच्या ओंजळी पुढं झाल्या. जिला दोष लागेल तिला लागू दे म्हणाल्या!

निघताना नीलांबरीनं विचारलं, "काका, तुमचं राहिलं. उरलंय काय?"

त्र्यंबकराव म्हणाले, "धरलेला हात." आणि बायकोच्या लुळ्या बाजूनं हात घालून बसपर्यंत चालत आले. सगळ्यांचा खोळंबा झाला. चांगला भरपूर झाला, आणि एकानंही घड्याळ बघितलं नाही.

घरी आल्यावर ते म्हणाले, "नवा बाळकृष्ण आणू." वेणूताई म्हणाल्या, "नको. तो पोचला असेल... रांगत, कुठल्या तरी घरी." देव्हाऱ्यातली जागा अजून रिकामीच आहे. लाल कापड आहे फक्त. पण वेणूताई आता रोज तिच्यासमोर बसतात. त्र्यंबकराव तो लुळा हात धरतात, आणि दोघं मिळून त्या रिकाम्या जागेवर एक फूल ठेवतात. मी खिडकीतून बघितलंय. अशी पूजा मला अजून जमलेली नाही.

आता मंडळी, पद्धत चूक की बरोबर, हे मी सांगणार नाही. ते तुमचे भटजी आणि तुमच्या आजी बघून घेतील. मी दुसरंच विचारतो. दीड तास झाला, छान बसलायत, माना डोलावताय. येताना घरी कुणाला ठेवून आलात? ज्याला ऐकू कमी येतं, म्हणून आणलं नाही, तो. जिला दोनदा उठावं लागतं, म्हणून "तू बस इथंच" म्हणालात, ती. जो बोलताना अडखळतो, म्हणून पाहुण्यांसमोर बोलावत नाही, तो मुलगा. गड बघायला आपण लांब जातो, पडक्या भिंतीसमोर उभं राहून "वा" म्हणतो. आणि आपल्या घरात एक अख्खा गड खिडकीशी बसलेला असतो, हातात पाण्याची बाटली घेऊन.

आता आरती होईल. उठताना शेजारी ज्याचा गुडघा दुखतो त्याला आधी हात द्या. आरतीला चार क्षण उशीर झाला तर देव रागावणार नाही, त्याला थांबायची सवय आहे. आणि प्रसाद इथं खाऊ नका. घरी न्या. त्या खिडकीशी जा, अर्धा त्या माणसाच्या हातावर ठेवा, आणि एवढंच विचारा — उद्या येतेस का माझ्याबरोबर?