तळाला सही नसलेली फुलदाणी

मंडळी, देणाऱ्याचं नाव वस्तूवर नसेल, तर आभार मानायचे कुणाचे? सांगा! बरं, ऐका तर मग—

मिरजेत अच्युतराव म्हणून एक गृहस्थ. नाद एकच, बोहेमियाच्या काचेच्या फुलदाण्या! बोहेमिया म्हणजे तिकडे युरोपातला काचकामाचा मुलूख. फुलदाणी दिसली की हे आधी उलटी करणार! तळाला सही आहे का? नाही? मग बाजारी! अहो, तिकडचे बहुतेक कारागीर सहीच करत नसत. खोट्या सह्या मात्र उदंड! पण आपल्याला नाव लागतं ना—देणगीच्या पाटीवर लागतं तसं!

पुढे अच्युतरावांची दृष्टी गेली. कपाटभर रंग, आणि डोळ्यांपुढे अंधार!

"यमू, देऊन टाक सगळं. आता काय उपयोग?"

त्यांची बायको यमूताई म्हणाल्या, "एकदा हाताळून तर बघा."

एकेक फुलदाणी त्यांच्या हाती दिली. शेवटी देवापुढची निळी फुलदाणी घेतली, फुलं काढली, पाणी ओतलं, तीही दिली. रोज पाण्याने भरलेली. हिला उलटी कोण करणार?

अच्युतरावांचं बोट तळावर फिरलं आणि थबकलं! बाजारी काचेला असतो तो साच्याचा सांधा नाही. मधोमध गुळगुळीत खळगा, फुंकलेली काच सळईवरून तोडून घासली की राहतो तो!

"अगं, ही अस्सल आहे! कुठून आणलीस?"

"आपल्या लग्नातला आहेर. चिठ्ठी मांडवातच पडली. कुणी दिली, देव जाणे."

"इतकी वर्षं घरात? मला कशी दिसली नाही?"

"तुम्हाला त्यातली रोजची फुलं दिसली नाहीत, फुलदाणी कुठून दिसणार!"

म्हातारा रडला हो! फुलदाणी बाजूला ठेवली, यमूताईंचा हात चाचपून धरला. "फुलं तू आणत होतीस. घर तू उजळलंस. मी एकदाही आभार मानले नाहीत गं."

"माना आता. आणि चहा घ्या, निवतोय."

"काही देऊ नकोस कुणाला. रोज एक माझ्या हाती दे. आणि फुलं कुठली आणलीस, ते सांगत जा."

अहाहा! मंडळी, डोळे गेले आणि दिसायला लागलं!

काय मामा, पहिल्या रांगेत बसून हसता? हे उपरणं झकास आहे. धुतलं कुणी? घडी कुणी घातली? आठवावं लागतंय ना! घरी जा, आधी तिचं नाव घ्या. पांडुरंग थांबेल—त्याला उभं राहायची सवय आहे!