फाटकाशी उभा कोलमन

—नाही नाही, बस तू, डिनी, चहा घेतल्याशिवाय या घरातून कुणी गेलेलं नाही, आणि आज माझा नवरा पलीकडच्या खोलीत शवपेटीत निजलाय म्हणून काय रीत मोडायची? फादरना यायला अवकाश आहे. ती जर्सी मांडीवर धरून किती वेळ बसणारेस — ठेव की टेबलावर. निळी-पांढरी, इस्त्री केलेली. क्लबनं पाठवली, हो ना? पेटीवर अंथरायला. माहितेय रे, गावासाठी हातात काठी घेऊन हर्लिंग खेळलेला माणूस गावाच्या जर्सीखालीच जातो. पण अंथरायची की नाही ते मी ठरवणार, आणि माझं अजून ठरलेलं नाही.

खेळला मात्र कसा! डोक्यावर हेल्मेट नाही, काही नाही — तेव्हा घालायचं कोण, तुम्हीच हसला असतात. थर्ल्सच्या त्या फायनलला कुणाची तरी हर्लीची काठी कपाळावर बसली, बाजूला नेऊन टाके घातले न् हा बाबा परत मैदानात. रेडिओवर तो माणूस ओरडतोय ‘कोलमन टूही, कोलमन टूही’, आणि मी इथं चुलीपाशी देवाला नुसत्या शिव्या देतेय. तू नि संघातल्या तुम्ही सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलंत. घरी आल्यावर मला विचारतो, आपण जिंकलो का गं? मी हसले. मला काय ठाऊक, डिनी? वाटलं, प्यायलाय.

मग पुढं ते विसरणं — आधी किल्ल्या, मग लेकीचं नाव, मग मी. मला ‘बाई’ म्हणायचा, अगदी अदबीनं. पण ती खेळायची काठी, ती हर्ली, नाही विसरला. शनिवारी तिला जवसाचं तेल चोळायचा, रविवारी कोट चढवून फाटकाशी उभा — पूर्वीसारखी तुझी गाडी सामन्याला न्यायला येईल म्हणून. आणि गाडी यायची की, मैदानाला दुसरा रस्ता आहेच कुठं? तू समोर बघत निघून जायचास. काय झालं असतं रे, काच खाली करून ‘काय कोलमन’ म्हणाला असतास तर? हो, हो, बघवत नव्हतं तुला. मला बघवत होतं का? मी त्याला आत आणायचे, सांगायचे, आज सामना रद्द झाला, मैदानात पाणी साचलंय. भर उन्हाळ्यात! आणि तो मान डोलवायचा.

रडू नकोस. हे सांगायचं नव्हतं मला — पण आता निघालंच तोंडातून, तर ऐक. परवा, अगदी शेवटी, त्यानं माझा हात धरला, त्या मोडक्या बोटांनी, आणि म्हणाला, ‘डिनी, आलास?’ जन्मभर त्याचं मी केलं, आणि शेवटचं नाव घेतलं ते तुझं. इतका राग आला मला, इतका राग! पण मी म्हटलं, ‘आलो रे. गाडी बाहेर उभी आहे, चल.’ केवढा हसला! तसा माझ्याकडे बघून हसला नव्हता कितीतरी वर्षांत. हसला, आणि संपलं.

राहू दे तो चहा. ऊठ. जर्सी अंथर पेटीवर, काय हवं ते कर, मी नाही अडवत. पण झाकण लावायला माणसं येतील, त्याआधी आत जा, त्याच्याशेजारी बस, आणि सांग त्याला की तू आलायस. तुझ्या तोंडानं सांग. जा ना, बघतोस काय माझ्याकडे?