ठिपकेकाकांच्या लाल ठिपक्याबद्दल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, क्लबचे आजी-माजी सभासद, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि ज्यांच्यासाठी आज हे सभागृह खच्चून भरलंय ते सत्कारमूर्ती, आपल्या रायफल क्लबच्या रायफली दुरुस्त करणारे मिस्त्री, म्हणजे तुमचे-आमचे ठिपकेकाका!

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ते दंतवैद्य. लोकांना तोंड उघडायला लावण्यात त्यांची हयात गेली, तोंड मिटायला सांगायची वेळ आज पहिल्यांदाच आली असावी. प्रयत्न करते.

माझा धंदा शिवणकामाचा. सहा वर्षांपूर्वी क्लबच्या खिडक्यांची मापं घ्यायला आले, पडदे लावले आणि इथलीच झाले. सेहेचाळिसाव्या वर्षी बाईनं एअर रायफल हातात घ्यावी? आमचे हे म्हणाले, "घरात तुझा नेम काय कमी लागतो?" काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "सुईत दोरा ओवणाऱ्याचा हात स्थिर असतो. या उद्यापासून."

पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. रायफलीवर दुर्बीण बसवली म्हणून छर्रा आपण बघू तिथं जात नाही. दुर्बिणीतली फुली आणि छर्रा पडतो ती जागा, या दोघांची सोयरीक जुळवावी लागते. त्यासाठी दोन नॉब असतात, एक वर-खालीचा, एक डाव्या-उजव्याचा. याला आम्ही झिरो करणं म्हणतो. काकांचा नियम एकच. एका छर्र्यावर विश्वास ठेवायचा नाही. पाच मारायचे, पाचही एकत्र बघायचे, मगच नॉबला हात. आणि सोयरीक जुळली, की नॉब आणि दुर्बिणीच्या सांध्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. नॉब चुकून फिरला, तर ठिपक्याला ठिपका जुळवून परत घरी येता येतं. एकतीस वर्षं हे गृहस्थ दुकानातून एकच लाल रंग आणताहेत. दुकानदार बाईंना वाटायचं, माणूस मोठा हौशी आहे. काकूंना विचारा! त्या म्हणतात, "एकतीस वर्षांत माझ्या नखाला एक थेंब लागला असेल तर शपथ."

आता जे सांगणार आहे, ते काकांनाही ठाऊक नाही.

चार महिन्यांपूर्वीची आंतर-क्लब स्पर्धा तुम्हाला आठवते. एकोणीस वर्षं आपण तिथं शेवटून पहिले. आणि काकांची तर निवृत्तीआधीची ही शेवटची स्पर्धा. हत्यारांच्या खोलीतलं एक कपाट त्यांनी चषकासाठी रिकामं ठेवलं होतं आणि एकोणीस वर्षं दर शनिवारी ते पुसत होते. अंतिम फेरीच्या सकाळी आम्ही ओळीनं बसलो होतो. शेजारच्या संघाच्या रायफली इतक्या चकचकीत, की त्यात बघून केस विंचरावेत. त्यांच्यातल्या एक बाई माझ्या रायफलीकडे बघून म्हणाल्या, "अहो, हिला गोवर उठलाय का?" सगळे हसले. मीही हसले. आणि त्यांची पाठ वळल्यावर, मंडळी, मी अंगठ्याच्या नखानं दोन्ही ठिपके खरवडून काढले.

मी कोण? शिवण पुरी होईपर्यंत खडूची खूण पुसायची नाही, म्हणून शिकणाऱ्या मुलींवर खेकसणारी बाई! आणि खरवडता खरवडता दोन्ही नॉब किती फिरले, कुठल्या बाजूला फिरले, देव जाणे.

सरावाला अर्धा तास मिळाला होता. पहिला छर्रा खाली डावीकडे पडला. फिरवला नॉब. दुसरा उजवीकडे. परत फिरवला. तिसरा भलतीकडेच. मी एकेका छर्र्यामागे धावत सुटले. कागदाची चाळण झाली. तेवढ्यात काका आले. नॉबकडे बघून म्हणाले, "ठिपके कुठं गेले?"

"उडाले असतील हो, उन्हानं."

धडधडीत खोटं! काकांनी मला नवा कागद लावायला लावला. "पाच मार. मध्ये नॉबला हात लावलास, तर मी घरी जाईन."

"काका, अठराच मिनिटं उरलीत!"

"म्हणूनच सांगतोय."

पाच मारले. दुर्बिणीतून बघितलं आणि रडायचीच बाकी राहिले. पाचही खाली डावीकडे. काका मात्र खूश! "अगं, पाचही शर्टाच्या एका बटणाखाली झाकले जातील. एका घरात गुण्यागोविंदानं नांदताहेत, फक्त पत्ता चुकलाय. पत्ता बदलू." त्यांनी कागदाला पट्टी लावली. छत्तीस मिलिमीटर डावीकडे, अठरा खाली. पंचवीस मीटरवर नॉबची एक टिक छर्र्याला दोन मिलिमीटरहून जरा कमी सरकवते. "उजवीकडे वीस, वर दहा. मोठ्यानं मोज." मी पाढे म्हटल्यासारखं मोजलं. पुन्हा पाच मारले. पाचही मधोमध!

आणि मग? पंच घड्याळ बघताहेत, सहा मिनिटं उरलीत, आणि हे महाशय खिशातून बाटली काढून ठिपके देताहेत, वर फुंकर घालताहेत. "ओला आहे, हात लावू नकोस."

शेवटचा छर्रा माझा होता. आठ गुण पडले तर आपण दुसरे, नऊ पडले तर बरोबरी, जिंकायला दहाच हवे. फुली मधोमध ठेवली, अर्धा श्वास सोडला, चाप दाबला. दहा! तो चषक समोर टेबलावर आहे, डोळे भरून बघून घ्या. आणि सांगायला हरकत नाही, त्या गोवरवाल्या बाई स्वतः येऊन विचारून गेल्या, "हा रंग कुठल्या दुकानात मिळतो हो?"

पण काका, चार महिने ते खोटं मी पोटात घेऊन फिरतेय. कुणी अभिनंदन केलं की मी विषय बदलते. तुमची शेवटची स्पर्धा मी माझ्या मिजाशीपायी घालवणार होते. ठिपके उडाले नव्हते, मी खरवडले होते. मला क्षमा करा.

काय म्हणालात? माइक द्या हो त्यांना. नको म्हणताहेत, मीच सांगते. म्हणताहेत, "ठाऊक होतं. तुझ्या अंगठ्याच्या नखात लाल दिसत होतं, आणि कापडाला डाग पडतात म्हणून तू नेलपॉलिश लावत नाहीस."

मग रागावला का नाहीत, काका?

म्हणताहेत, "नेम जुळवताना माणसाला रागावलं, की पुढचे पाचही छर्रे रागाचे जातात. आणि मी कधी कुणाला एका छर्र्यावरून मोजलंय का?"

थांबा, मला जरा पाणी द्या.

कालपासून हत्यारांच्या खोलीची किल्ली आणि ती अर्धी बाटली माझ्याकडे आली आहे. काकांच्या जागी मला नेमल्याबद्दल समितीचे आभार, आणि पाचाची अकरा मिनिटं सोसल्याबद्दल अध्यक्षांचे. बोलण्यात काही डावं-उजवं झालं असेल, तर एका भाषणावरून मला मोजू नका, आणखी चार ऐका आणि मग ठरवा.

फक्त एक काम राहिलंय. बाटली मी सोबत आणली आहे. काका, व्यासपीठावरून खाली या. काकू, हात पुढे करा. मंडळी, टाळ्या तुम्ही वाजवा. काकूंना वाळेपर्यंत वाजवता येणार नाहीत.